शेगडी आणि ओव्हनशिवाय रोजचे सकस जेवण : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

शेगडी किंवा ओव्हन नसलेल्या घरात रोज सकस जेवण करता येते का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. त्यासाठी लागणाऱ्या साधनांचा माझा क्रम मात्र अनेकांना उलटा वाटेल : वाफेची जाळी असलेला साधा राईस कुकर पहिला, विजेची केटल दुसरी आणि मायक्रोवेव्ह तिसरा. फ्रिज यांत धरलेला नाही, कारण त्याच्याशिवाय हा विचारच करू नये.

राईस कुकरला पहिला क्रमांक देण्याचे कारण त्याच्या साधेपणात आहे. त्याच्या तळाशी विशिष्ट मिश्रधातूचे चुंबक असते. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. पाणी शोषले गेले की ते चढू लागते, 103 अंशांच्या आसपास त्या चुंबकाची पकड सुटते आणि खटका पडतो. हे एकदा लक्षात आले की यंत्राचे गुणही कळतात आणि दोषही. तांदूळ, दलिया किंवा इतर कोणतेही पाणी शोषणारे धान्य टाकून निर्धास्तपणे दुसऱ्या कामाला लागता येते. याउलट कांदा परतायला घेतला, तर तो जेमतेम पारदर्शक होतो न होतो तोच खटका पडतो, कारण कोरडे भांडे यंत्राला ‘शिजून झाले’ असेच सांगत असते. सूप किंवा पातळ डाळीच्या वेळी नेमके उलटे घडते : पाणी भरपूर असल्याने खटका पडतच नाही, फेस वर चढतो, झाकणाच्या छिद्रातून फसफसत बाहेर येतो आणि कुकरच्या अंगावरून ओघळून वाळतो. भांडे निम्म्याहून अधिक न भरणे आणि डाळीत चमचाभर तेल घालणे, या दोन गोष्टींनी हा त्रास बराच कमी होतो, पण लक्ष ठेवावेच लागते.

खरी किंमत वसूल होते ती वरच्या जाळीमुळे. खाली धान्य शिजत असताना वर गाजर, फरसबी, फ्लॉवर किंवा अंडी वाफवता येतात. भाज्या सुरुवातीपासून ठेवू नयेत. शेवटच्या आठ-दहा मिनिटांत ठेवल्या की रंग आणि कुरकुरीतपणा टिकतो. भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकल्यास क जीवनसत्त्वाचा मोठा भाग त्याबरोबर जातो. वाफवताना ही हानी बरीच कमी होते. गाजर, पालक यांसारख्या भाज्यांवर थोडे तेल घालावे, कारण त्यांतील कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबत अधिक चांगले शोषले जाते, आणि डाळीवर लिंबू पिळावे, कारण वनस्पतींतील लोहाचे शोषण क जीवनसत्त्वाने वाढते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या खाण्यास सांगते. जाळी रोज भरली आणि जोडीला फळ खाल्ले, तर हा आकडा फारसा प्रयास न करता गाठता येतो.

एक इशारा गंभीरपणे द्यावासा वाटतो. अशा स्वयंपाकघरासाठी स्लो कुकरची, म्हणजे मंद आचेवर बराच वेळ शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याची, शिफारस बरेच जण करतात, पण राजमा त्यात कच्चा टाकून शिजवू नये. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि ते खळखळत्या उकळीनेच नष्ट होते. कमी तापमानावर तासन्‌तास ठेवल्यास विषारीपणा उलट वाढू शकतो. राजमा निदान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास चांगला उकळावा. तेवढा वेळ नसल्यास डब्यातला शिजवलेला राजमा किंवा छोले घेऊन पाण्याखाली धुवावेत. त्यामुळे वरचे मीठही बऱ्यापैकी निघून जाते. मसूर मात्र न भिजवताही चटकन शिजतो, म्हणून आठवड्यातील बहुतेक दिवस मी त्याच्यावरच काढते.

केटलमध्ये पाण्याखेरीज काहीही घालू नये, या मताची मी आहे. दूध करपते, शेवया तळाला चिकटतात आणि झाकण उघडे राहिले तर वाफ खटक्यापर्यंत न पोहोचल्याने केटल बंदच होत नाही. उकळते पाणी बारीक चिरलेल्या पालकावर ओतणे किंवा रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ओट्सवर ओतून झाकण लावणे, एवढ्यात तिचे काम संपते आणि तेवढे ती उत्तम करते.

मायक्रोवेव्ह तिसरा ठेवला, कारण तो शिजवण्यापेक्षा गरम करण्यात पटाईत आहे. त्याच्या लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर शिरतात, पुढची उष्णता आपोआप आत झिरपावी लागते. म्हणून मध्ये एकदा ढवळणे आणि शेवटी दोन मिनिटे झाकून ठेवणे आवश्यक असते. काट्याने टोचलेला बटाटा त्यात झकास होतो. सालीसकट अंडे मात्र फुटते, आणि आतली सफाई अर्धा तास खाते.

शिळ्या भाताबाबत निष्काळजीपणा नको. शिजवल्यानंतरही तग धरणारे काही जिवाणूंचे बीजाणू त्यात असतात आणि कोमट भातात ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात पसरट डब्यात लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा. मोड आलेली कडधान्येही कच्ची न खाता पाच मिनिटे वाफवावीत. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय या जिवाणूच्या संसर्गात पन्नासहून अधिक माणसे दगावली होती.

तक्रारी दोन. माझ्या कुकरच्या भांड्यावरचा नॉनस्टिक थर लाकडी चमचा वापरूनही कडेला निघू लागला आहे आणि त्याचे सुटे भांडे विक्रेत्याकडे मिळत नाही. नव्याने घेणाऱ्याने स्टीलचे भांडे असलेलाच कुकर घ्यावा, थोडे चिकटले तरी चालेल. दुसरी तक्रार विजेची. केटल एकटीच दोन हजार वॅटपर्यंत ओढते आणि त्याच एक्स्टेंशन बोर्डावर मायक्रोवेव्ह लावल्यास वायर हाताला गरम लागते. त्यामुळे केटल थेट भिंतीतल्या प्लगवर आणि दोन्ही एकाच वेळी कधीच नाही, असा नियम करावा लागतो. सकाळच्या घाईत तो पाळताना पाच-सात मिनिटे अधिक जातात.