लेओव्हरमध्ये 'एअरलाइनकडून मोफत हॉटेल' असं सांगत कोणी जवळ आलं तर

लेओव्हरमध्ये, म्हणजे एका विमानातून उतरून पुढचं विमान पकडेपर्यंतच्या थांब्यात, परक्या विमानतळावर रात्र काढायची वेळ येणार असेल, तर निघण्याआधी हे वाचून ठेवा. आगमन कक्षाच्या दाराशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं उभी असतात. "लेओव्हर मोठा आहे ना? मग एअरलाइनकडून खोली मिळते, चला," असं म्हणत ती जवळ येतात. अशाच एका टोळीने माझ्याकडून पैसे उकळले. गेलेल्या रकमेची चीड आहेच, पण त्याहून जास्त चीड याची आहे की ज्यांना हॉटेल परवडत नाही, असेच प्रवासी ते निवडून काढतात.

स्वस्त पडावं म्हणून मी दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं घेतली होती. सॅक पाठीवर टाकून फिरणारे बरेच जण हेच करतात. अशा प्रवासात पहिल्या विमानातून उतरलं की बहुतेक वेळा इमिग्रेशन करून बाहेर यावं लागतं. पुढच्या विमानाचं चेक-इन सुरू होईपर्यंत पुन्हा आत जाता येत नाही, आणि ते काउंटर बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या साधारण तीन तास आधी उघडतात. ट्रान्झिटमधल्या, म्हणजे आत विमान बदलणाऱ्यांसाठीच्या भागातल्या, आडवं होता येईल अशा खुर्च्या, चार्जिंगच्या जागा, सगळं आतच राहतं. बाहेर बसायला जेमतेम चार बाकडी, त्यांना मधे मधे लोखंडी हात. मध्यरात्र उलटून गेली होती आणि माझं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं.

तो माणूस घाईत नव्हता. कोट, हातात क्लिपबोर्ड, बोलणं अदबीचं. "पुढचं विमान किती वाजता आहे, मॅडम?" एवढंच विचारलं. पासपोर्टमध्ये खोचलेली तिकिटाची प्रिंट पाहायला मागितली, माझं नाव आणि विमानाचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि 'नोंदणीसाठी' म्हणून मोबाइलवर त्या प्रिंटचा फोटो काढला. मग म्हणाला, आठ तासांच्या वर थांबावं लागलं तर खोली आणि जाण्या-येण्याची गाडी कंपनीकडून असते. बाहेर व्हॅन उभी होती. तिच्यात एक वयस्कर जोडपं आधीच बसलेलं होतं. त्यांच्याकडे पाहून मला धीर आला. खरं तर तेही माझ्यासारखेच दारातून उचलून आणलेले होते.

हॉटेलच्या काउंटरवर सूर बदलला. "एअरलाइनचं व्हाउचर अजून आलेलं नाही. तोवर कार्डावर डिपॉझिट ठेवा, सात दिवसांत परत मिळेल." सोबत एक फॉर्म दिला. वर विमानाचं पुसट चित्र, खाली 'रिफंड क्लेम', आणि एअरलाइनच्या नावाची जागा कोरी. ती त्याने पेनाने भरली. शेजारी त्या आजोबांचा फॉर्म होता. तोच कागद, तेच अक्षर, फक्त कंपनीचं नाव वेगळं. माझ्या हे लक्षात येईपर्यंत कार्ड मशीनमध्ये गेलेलं होतं.

मशीनमधून निघालेल्या पावतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण लबाडी तिथेच पकडता येते. हॉटेल खरोखर डिपॉझिट घेतं तेव्हा सहसा तो व्यवहार 'प्री-ऑथरायझेशन' म्हणून होतो. रक्कम खात्यात अडवून ठेवली जाते, कापली जात नाही, आणि पुढे आपोआप मोकळी होते. माझ्या पावतीवर 'सेल' छापलेलं होतं. म्हणजे सरळ विक्री, पैसे आपोआप परत येण्याचा प्रश्नच नाही. दुसरी गोष्ट अशी की मशीनच्या पडद्यावर दोन चलनं दिसली, एक त्या देशाचं आणि एक आपलं. रिसेप्शनवरच्या माणसाने माझ्याकडे न पाहता आपल्या चलनाचं बटण दाबलं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. यात विनिमयाचा दर दुकानदाराच्या बाजूने ठरतो आणि जवळपास नेहमीच बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांप्रमाणे ही निवड कार्डधारकाने करायची असते, समोरच्याने नाही. परदेशात मशीनने विचारलं की तिथलं स्थानिक चलन निवडा, आणि बटण स्वतः दाबा.

खोलीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पहाटे दारावर थाप पडली की वेळ संपली, पुढच्या तासांचे पैसे वेगळे. परतीची व्हॅन मोफत नव्हती, तिचे रोख पैसे घेतले, आणि त्या भागात त्या वेळी दुसरं वाहन मिळणारं नव्हतं. हे सगळं आधीच ठरवलेलं असतं. हॉटेल मुद्दाम अशा जागी असतं की तिथून पायी निघता येऊ नये.

विमानतळावर परतल्यावर माझ्या पुढच्या विमानाच्या काउंटरवर मी तो फॉर्म दाखवला. तिथल्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि अशी कुठलीही योजना नसल्याचं स्पष्ट सांगितलं. मग खरी पद्धत समजावली. काही कंपन्या मोठ्या लेओव्हरला खोली देतात, हे खरं आहे. पण त्यासाठी दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असावी लागतात, तिकिटाच्या वर्गाच्या आणि तासांच्या अटी असतात, आणि बरेचदा प्रवासाआधीच मागणी नोंदवावी लागते. दोन वेगळ्या तिकिटांच्या मधला वेळ हा तुमचा तुम्ही निवडलेला असतो. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमात हॉटेल आणि जेवणाची सोय सांगितली आहे, तीही विमान रद्द झालं, खूप उशीर झाला किंवा आरक्षण असूनही चढू दिलं नाही तर. वेळापत्रकातल्या लेओव्हरला ती लागू नाही.

या लोकांचं फावतं ते अस्सल योजनांच्या नावावर. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच तासांहून जास्त आणि चोवीस तासांहून कमी थांबणाऱ्यांसाठी मोफत शहरदर्शन आहे. टर्किश एअरलाइन्स इस्तंबूलमध्ये आपल्या प्रवाशांना अशीच सहल देते. आपण हे कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून दारातला माणूस खरा वाटतो. इस्तंबूलचा काउंटर तर आगमन कक्षातच आहे, त्यामुळे 'बाहेर भेटला म्हणजे खोटा' असंही म्हणता येत नाही. फरक एवढाच की खऱ्या योजनेला ठरलेली जागा आणि नावाची पाटी असते, नोंदणी तिथे जाऊन किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर होते, आणि तिथला कर्मचारी गर्दीत प्रवासी शोधत फिरत नाही. कोणी हटकलं तर "काउंटर कुठे आहे ते दाखवा, मी तिथे येते" एवढंच म्हणा. खोटा माणूस तिथे येणार नाही, गाडीकडेच नेईल.

आता त्या फोटोबद्दल. तिकिटावर सहा अक्षर-अंकांचा बुकिंग कोड असतो, पीएनआर. तो आणि आडनाव एवढं हातात आलं की अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर तुमचं बुकिंग उघडतं. त्यात बरेचदा फोन नंबर आणि ईमेल दिसतो, काही ठिकाणी तारीख बदलता येते, तिकीट रद्दही करता येतं. बोर्डिंग पासवरच्या बारकोडमध्येही हा कोड असतो. मी घरी पोहोचल्यावर मला मेसेज आला. माझं पूर्ण नाव, बरोबर विमान क्रमांक, बरोबर पीएनआर, आणि 'हॉटेल डिपॉझिटचा परतावा मंजूर, कार्डाचा तपशील भरा' म्हणून लिंक. एकदा लुटलेल्या माणसाला परताव्याच्या आशेवर पुन्हा लुटायचं, हा या धंद्याचा दुसरा भाग. ती लिंक मी उघडली नाही. कार्ड त्याच दिवशी बंद करून नवीन मागवलं. परतावा खरा असेल तर तो त्याच कार्डावर उलट येतो, त्यासाठी कोणी पुन्हा नंबर विचारत नाही.

माझ्यासारखे पैसे कोणाचे गेले असतील तर पावती फेकू नका. बँकेकडे 'डिस्प्यूट', म्हणजे त्या व्यवहाराबद्दलची तक्रार, नोंदवा. कार्ड कंपन्यांच्या बहुतेक तक्रारींना साधारण 120 दिवसांची मुदत असते, तरी थांबू नका. पिन टाकून केलेला व्यवहार 'मी केलाच नाही' असं लिहू नका, ती तक्रार सहसा फेटाळली जाते. डिपॉझिट म्हणून सांगून विक्री केली, चलन न विचारता निवडलं, असं जे घडलं तेच लिहा आणि फॉर्मचा फोटो जोडा. माझी तक्रार याच मुद्द्यांवर दाखल आहे. चलनाच्या फरकाची रक्कम परत आली आहे, खोलीच्या रकमेबद्दल बँकेने हॉटेलकडून कागद मागवले आहेत.