थर्स्कचे २३, कर्कगेट : एका पशुवैद्याचे घर आणि त्याच्या पेशाची आठवण

इंग्लंडच्या उत्तर यॉर्कशायरमध्ये थर्स्क नावाचे एक बाजाराचे गाव आहे. तेथील कर्कगेट या रस्त्यावरील २३ क्रमांकाच्या घरात अनेक दशके गुराढोरांचा दवाखाना चालत असे, आणि १९९९ पासून त्याच घरात ‘द वर्ल्ड ऑफ जेम्स हेरियट’ हे संग्रहालय आहे. मी स्वतः पशुवैद्यकीय पदवीधर असल्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ आहे असे म्हणणार नाही. तरीही प्रथमच सांगतो, की दिवंगत पशुवैद्यांचे आयुष्य आणि त्यांचे काम इतक्या आपुलकीने जपलेली दुसरी जागा मी पाहिलेली नाही. यॉर्कपर्यंत जाणाऱ्या मराठी पर्यटकाने आपल्या सहलीतील अर्धा दिवस या घरासाठी अवश्य राखून ठेवावा.

जेम्स हेरियट हे एका पशुवैद्य-लेखकाचे टोपणनाव होते. खरे नाव जेम्स आल्फ्रेड वाइट, घरीदारी सर्वांसाठी आल्फ. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९१६ रोजी संडरलंड येथे झाला, बालपण ग्लासगोत गेले, आणि १९३९ च्या अखेरीस ते ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले. ट्रॅक्टर आल्यामुळे घोडे कमी होत होते, शेतकऱ्यांची स्थिती ओढग्रस्तीची होती, आणि नव्या पशुवैद्याला नोकरी मिळणे कठीण होते. अशा काळात १९४० साली तेथील पशुवैद्य डोनाल्ड सिंक्लेअर यांनी त्यांना थर्स्कला बोलावले. मधला वायुदलातील सेवेचा काळ सोडला तर आल्फ निवृत्त होईपर्यंत याच परिसरात राबत राहिले. आपल्या कामातील प्रसंग लिहायला त्यांनी पन्नाशीत सुरुवात केली. पशुवैद्याने आपली जाहिरात करू नये असा व्यवसायाचा नियम असल्यामुळे टोपणनाव घ्यावे लागले, आणि ते त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या बर्मिंगहॅम सिटीच्या गोलरक्षकाकडून उचलले. पुढे पुस्तकांच्या कोट्यवधी प्रती खपल्या, तरी त्यांनी गुरे तपासणे सोडले नाही. माझ्या मते या माणसाची थोरवी प्रथम इथेच आहे.

घराचा मोठा भाग १९४० च्या दशकात होता तसा पुन्हा उभारलेला आहे. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि औषधांची खोली पाहताना लक्षात येते, की त्या काळी पशुवैद्याचे घर आणि त्याचा दवाखाना यांत भिंतच नव्हती. रात्री-अपरात्री फोन वाजला की जेवणाचे ताट तसेच ठेवून निघायचे, आणि परतल्यावर त्याच स्वयंपाकघरात हात धुवायचे. आल्फ आणि त्यांच्या पत्नी जोन यांनी आपला संसारही याच घरात वरच्या मजल्यावर मांडला. त्यांचा विवाह ५ नोव्हेंबर १९४१ रोजी झाला तो याच रस्त्याच्या टोकाशी असलेल्या सेंट मेरीज चर्चमध्ये.

औषधांच्या खोलीत मी सर्वांत जास्त वेळ घालवला. पेनिसिलीन गोठ्यापर्यंत पोहोचले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यापूर्वी पशुवैद्याच्या हाती जे होते त्यातील बहुतेक द्रव्ये आजच्या कसोटीवर टिकणार नाहीत, आणि हे त्या पशुवैद्यांनाही काही प्रमाणात ठाऊक होते. बाटल्यांच्या त्या रांगांसमोर उभे राहिले की औषधाचा भरवसा नसताना निदान, हातांचे कसब आणि मालकाला दिलेला धीर यांवरच एका पिढीने आपला व्यवसाय पेलला, हे पटते. मात्र काही उपचार तेव्हाही चमत्कारासारखे वाटावेत असे होते. व्यायल्यानंतर रक्तातील कॅल्शियम उतरून आडवी पडलेली गाय पूर्वी सडांतून कासेत हवा भरून उठवीत असत. १९३० च्या दशकात कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून देण्याची पद्धत रूढ झाली, आणि मरणाच्या दारातील जनावर तासाभरात उभे राहू लागले. ज्यांच्या दारात दुभती गाय आहे त्या आपल्याकडच्या कुटुंबांना कॅल्शियमच्या बाटलीचे मोल वेगळे सांगायला नको.

अवजारांचा संग्रह मोठा आहे आणि तो घाईने पाहू नये. घोड्याचे दात घासण्याच्या कानशी, औषध पाजण्याची साधने, अडलेल्या गाईचे वासरू ओढून काढण्याचे दोर आणि आकडे यांची रचना पाहिली की कामाचे शारीरिक कष्ट डोळ्यांपुढे येतात. थंडीत कमरेपर्यंत उघडे होऊन, शेणाने निसरड्या झालेल्या फरशीवर आडवे पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून मुडपलेला पाय सरळ करणे हे काम ज्याने केले आहे, त्याला त्या दोरांसमोरून पटकन पुढे जाता येत नाही. १८८६ साली सुरू झालेल्या परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पिढ्यांनीही आपल्या गावोगावी हेच केले. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांच्या साथींत सायकलवरून वाड्या-वस्त्या पालथ्या घालणारे डॉक्टर माझ्या वडिलांच्या पिढीने पाहिले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या नावाची पाटीही आता कोठे शिल्लक नाही. पशुवैद्याचा रुग्ण बोलत नाही, त्यामुळे डॉक्टरांच्या पश्चात त्यांची कहाणी सांगणारेही फारसे उरत नाहीत. थर्स्कमध्ये ती उरली, कारण तेथील एका पशुवैद्याने स्वतःच ती लिहून ठेवली.

या घरी जाण्यापूर्वी पुस्तकांपलीकडची थोडी माहिती असावी असे मला मनापासून वाटते, कारण खेळकर प्रसंगांच्या मागे खरी किंमत मोजणारी माणसे होती. सांसर्गिक गर्भपाताच्या गाईंची वार काढता काढता आल्फ यांना ब्रुसेलोसिस हा गुरांकडून माणसाला होणारा आजार जडला आणि तापाच्या लहरींनी त्यांना वारंवार ग्रासले. हा आजार इतिहासजमा झालेला नाही. आपल्याकडे चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आजही त्याची लस दिली जाते, ती जनावरांच्या तशीच माणसांच्याही बचावासाठी. १९६० च्या सुमारास आल्फ यांना तीव्र नैराश्याने घेरले होते, हे त्यांच्या मुलाने, जो स्वतः त्याच दवाखान्यात पशुवैद्य होता, पुढे लिहून ठेवले आहे. पुस्तकांत सीगफ्रीड म्हणून भेटणारे डोनाल्ड सिंक्लेअर आणि ट्रिस्टन म्हणून भेटणारे त्यांचे धाकटे बंधू ब्रायन हेही खरेखुरे पशुवैद्य होते. ब्रायन १९८८ साली वारले. आल्फ यांचे निधन २३ फेब्रुवारी १९९५ रोजी झाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये, पत्नीच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, डोनाल्ड यांनी स्वतःचे जीवन संपवले. ऑक्टोबरमध्ये यॉर्क मिन्स्टरमध्ये आल्फ यांच्यासाठी झालेल्या स्मृतिसभेला दोन हजारांहून अधिक लोक आले होते. एका गावच्या गुरांच्या डॉक्टरासाठी एवढे मोठे कॅथेड्रल भरावे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

या पुस्तकांवरील दूरचित्रवाणी मालिकेसाठी राखलेला भाग, म्हणजे बीबीसीच्या १९७८ पासूनच्या मालिकेतील खोल्यांची मांडणी आणि त्या काळचे चित्रीकरणाचे साहित्य, बालगोपाळांना आणि मालिकेच्या चाहत्यांना फार आवडतो. मला तो दुय्यम वाटला, पण मुलांना सोबत घेऊन जाणाऱ्यांनी तो टाळू नये. एक गोंधळ मात्र आधीच दूर करून घ्यावा. जुन्या मालिकेतील घराचे बाह्यदृश्य आस्क्रिग येथे चित्रित झाले, तर २०२० पासूनच्या नव्या मालिकेतील गाव म्हणजे ग्रासिंग्टन. ती दोन्ही गावे सुंदर आहेत. परंतु या माणसांनी प्रत्यक्ष जेथे काम केले ते ठिकाण थर्स्क हेच, आणि वेळ कमी असेल तर निवड थर्स्कचीच करावी.

यॉर्कहून रेल्वेने थर्स्कला लवकर पोहोचता येते, मात्र स्थानक गावाबाहेर असल्यामुळे पुढे अर्धा तास चालण्याची किंवा टॅक्सीची तयारी ठेवावी. सोमवारी आणि शनिवारी चौकात बाजार भरतो. त्या दिवशी गेल्यास गावाचा मूळ स्वभाव दिसतो. याच कर्कगेटवर लॉर्ड्स मैदानाचे संस्थापक थॉमस लॉर्ड यांचे जन्मघर आहे, तेही आता एक छोटे संग्रहालय आहे, त्यामुळे घरातील क्रिकेटवेड्यांची समजूत घालावी लागणार नाही. घर जुने असल्याने जिने आहेत. ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी आधी चौकशी करून घ्यावी. इंग्रजी पुस्तके वाचलेली नसली तरी काही अडत नाही, पण किमान एक वाचून गेल्यास औषधांच्या खोलीत पाय अधिक वेळ रेंगाळतील. पशुवैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी इंग्लंडला शिकायला किंवा परिषदेला जाणार असेल, तर त्याने मात्र हा खर्च आणि हा वेळ कोणत्याही सबबीवर वाचवू नये.