चुका पोटात घालणारा ड्रायव्हर: पिंग जी425 मॅक्स, एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला पिंग जी425 मॅक्स, म्हणजे गोल्फमध्ये पहिला लांब फटका मारायचा ड्रायव्हर, आता दोन ऋतू वापरून झालाय. सेकंडहँड घेतला. लॉफ्ट, म्हणजे बॉलला लागणाऱ्या पृष्ठाचा (फेसचा) मागे कललेला कोन, 12 अंश. शाफ्ट, म्हणजे दांडा, आल्टा सीबीचा सॉफ्ट रेग्युलर, म्हणजे लवचीक. मी खेळते मुख्यतः सिडकोच्या खारघर व्हॅली कोर्सवर. तिथे मेंबरशिप लागत नाही, पैसे भरून कुणीही खेळू शकतं. एरवी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानात, बादलीभर बॉल मारते. पन्नाशीनंतर हा खेळ धरला आणि माझा ड्रायव्हरचा स्विंग ताशी सत्तर-पंचाहत्तर मैलांच्या आसपास आहे. हा वेग आधीच सांगते, कारण रिव्ह्यू लिहिणाऱ्याचा वेग माहीत नसेल तर त्यातलं निम्मं आपल्या उपयोगाचं नसतं. पीजीए टूरवरचे व्यावसायिक पुरुष सरासरी 115 मैलांच्या आसपास फिरवतात, बायकांच्या एलपीजीए टूरवरच्या खेळाडू 94 च्या आसपास. त्यांना जो ड्रायव्हर जमतो तो आपल्याला जमेल असं मुळीच नाही.

फर्गिव्हिंग, म्हणजे चुका पोटात घालणारा ड्रायव्हर, हे जाहिरातीत सगळेच म्हणतात. तो नेमक्या कुठल्या चुका पोटात घालतो हे मात्र कुणी धड सांगत नाही, आणि नवशिक्याची फसगत तिथेच होते. बॉल फेसच्या मध्यावर लागला नाही तर ड्रायव्हरचं डोकं हातात वळतं. बॉल टोकाकडे (दांड्यापासून लांब) लागला तर फेस उघडतो, म्हणजे उजवीकडे वळतो, टाचेकडे (दांड्याजवळ) लागला तर मिटतो, म्हणजे डावीकडे वळतो, आणि दोन्ही वेळा वेग वाया जातो. डोकं वळायला जितकं नाखूश, तितकं नुकसान कमी. हा नाखूशपणा मोजायचा आकडा म्हणजे एमओआय, शाळेत शिकलेलं जडत्व आघूर्ण. खांद्यावर कावड घेतली की अंगाला गिरकी घेणं जड जातं, कारण वजन दोन्ही टोकांना असतं. ड्रायव्हरच्या डोक्यातही वजन कडेला आणि मागे ढकलून हेच साधतात. पिंग सुरू करणारे कार्स्टन सोल्हाइम जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर होते, आणि 1959 साली त्यांनी वजन टाच आणि टोक यांत वाटलेला पटर, म्हणजे बॉल भोकात ढकलायची काठी, बनवला तो याच विचाराने.

गोल्फचे नियम करणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए या संस्थांनी डोक्याच्या आकाराला 460 घन सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे, आणि एमओआयला 5900 ग्रॅम-चौरस सेंटिमीटरची, वर 100 ची सवलत. 1991 साली कॅलवेचा बिग बर्था आला तेव्हा त्याच्या 190 घन सेंटिमीटरच्या डोक्याला लोक अवाढव्य म्हणत होते! म्हणजे आजचा कुठल्याही चांगल्या कंपनीचा पूर्ण आकाराचा 'मॅक्स' ड्रायव्हर घ्या, तो मदतीच्या बाबतीत नियमाच्या छताच्या बराच जवळ पोचलेला असतो. 2024 मध्ये पिंगने जी430 मॅक्स 10के आणला, टेलरमेडने क्यूआय10 मॅक्स. त्यातले 'दहा हजार' म्हणजे आडव्या आणि उभ्या एमओआयची बेरीज. ते ड्रायव्हर उत्तमच आहेत. पण पहिला ड्रायव्हर घेताना त्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजायची गरज नाही, हे माझं ठाम मत आहे. जी425 मॅक्स 2021 चा. चार-पाच वर्षं जुनं मॉडेल निम्म्याच्या आसपास किमतीत मिळतं, आणि उरलेल्या पैशांत कोचचे बरेच तास येतात.

आता प्रत्यक्ष अनुभव. पहिल्या आठवड्यापासून मी रेंजवर एक गोष्ट करते. व्हाईटबोर्डच्या मार्करने बॉलवर रुपयाएवढा ठिपका काढायचा, तो फेसकडे करून बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवायचा आणि मारायचं. फेसवर शाईचा ठसा उमटतो. ओल्या फडक्याने पुसायचा, पुढचा बॉल. ठसे बघितले की आपला स्विंग कळतो. माझे ठसे सुरुवातीला मध्याच्या टाचेकडच्या बाजूला आणि खालच्या अंगाला गोळा व्हायचे. गंमत म्हणजे त्यातले बरेच बॉल गेले मात्र बऱ्यापैकी. बोटभर बाहेर लागलेला बॉल मध्यावर लागलेल्या बॉलपेक्षा दहा-पंधरा यार्ड मागे पडायचा, तेवढंच. शेजारच्या काकांचा जुना लहान डोक्याचा ड्रायव्हर मी मारून पाहिला. त्यावर तसाच टाचेकडचा ठसा उमटला की बॉल शंभर यार्डांच्या आत जाऊन बसायचा आणि हाताला झिणझिण्या यायच्या. एमओआय म्हणजे काय हे मला तिथे पटलं.

पण फेस उघडा आला तर तो उघडाच. बॉलची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, आणि स्विंगची वाट व फेस यांच्यात जितका फरक तितका बॉल वळतो. नवशिक्यांपैकी बहुतेकांचा स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, इथून येतो, मध्य चुकल्यामुळे नाही. दीडशे यार्डांवर फेस फक्त एक अंश उघडा असला तरी निव्वळ सुरुवातीच्या दिशेमुळेच बॉल अडीच यार्ड उजवीकडे पडतो, वर वळण वेगळं. 10 हजार एमओआयचं डोकंसुद्धा हे सुधारू शकत नाही. म्हणून 'हा घ्या, स्लाइस जाईल' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. स्लाइस कोचकडे जातो.

तरी हत्यार थोडी मदत करतं, आणि ती मदत लॉफ्टमधून येते. ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. लॉफ्ट जास्त असला की बॉलला मागची फिरकी जास्त मिळते, आणि फेसची तेवढीच चूक असूनही फिरकीचा आस कमी कलतो. म्हणजे 12 अंशांवर स्लाइस 9 अंशांपेक्षा कमी वळतो. शिवाय कमी वेगात बॉल हवेत टिकतो. मला डेमोला दोन्ही मिळाले होते. 9 अंशांचा बॉल खाली निघून डुंबायचा. 12 चा वर चढून नीट उतरायचा आणि पुढेही जास्त जायचा. पुरुष मंडळी 12 अंशांना हात लावायला कचरतात, जणू तो म्हाताऱ्यांचा आकडा आहे. ताशी नव्वद मैलांच्या खाली फिरवणाऱ्या कुणीही साडेदहाच्या खाली जाऊच नये, आणि ऐंशीच्या खाली असाल तर बेधडक 12 घ्या.

ज्या दुकानात मी नवे ड्रायव्हर मारून पाहिले तिथल्या विक्रेत्याने माझ्यापुढे आधी गुलाबी पट्ट्यांचा 'लेडीज सेट' ठेवला. मी वेग मोजून घ्यायला लावला, तर मग एकदम स्टिफ, म्हणजे ताठ, शाफ्टकडे वळला: 'मॅडम, पुढे जाऊन उपयोगी पडेल.' पुढे जाऊन काय ते पुढे बघू. शाफ्ट आजच्या वेगाला हवा. स्टिफ शाफ्ट हळू स्विंगला साथ देत नाही, फेस उघडाच राहतो. मॉनिटरवर आकडे दिसत असतील तर अंतराचा सगळ्यांत मोठा आकडा बघू नका, दहा बॉल किती पसरले ते बघा. आणि बाई म्हणून वेगळा ड्रायव्हर असतो या समजुतीत अडकू नका. वेग, उंची आणि हाताची ताकद बघा. पुष्कळ पुरुषांना सॉफ्ट रेग्युलर शोभून दिसेल.

लांबीचा मुद्दा कुणी काढत नाही. आजचे बहुतेक ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात. बॅगेतली ही सगळ्यांत लांब काठी, म्हणून मध्यावर लावायला सगळ्यांत कठीण. मी ग्रिपवर हात इंचभर खाली धरते. अंतरात फरक जाणवला नाही, फेसवरचे ठसे मात्र जवळजवळ आले. फुकटातली ही सुधारणा कुठल्याही ड्रायव्हरवर करता येते.

जी425 मॅक्सच्या मागच्या कडेला 26 ग्रॅमचं टंगस्टनचं वजन आहे आणि त्याला तीन जागा: ड्रॉ (बॉल डावीकडे वळवणारी), मध्य आणि फेड (उजवीकडे वळवणारी). सोबतच्या पान्याने सरकवता येतं. मी ते पहिल्यापासून ड्रॉकडे ठेवलंय. उजवीकडे जाणारे बॉल थोडे आत आले. थोडेच, जादू नाही. मानेपाशी, म्हणजे डोकं शाफ्टला जुळतं तिथे, फिरवून लॉफ्टही दीड अंशापर्यंत वरखाली होतो. लॉफ्ट वाढवला की फेस किंचित मिटतो, कमी केला की उघडतो. त्यामुळे स्लाइसवाल्याने तो कमी करू नये. एकदा बसवा आणि सहा महिने विसरून जा. दर आठवड्याला पाना काढणारे लोक रेंजवर दिसतात, त्यांचा स्विंग कधी स्थिर होत नाही.

आवाज मोठा आणि धातूचा आहे. मला आवडतो, कारण मध्यावर लागलेला आणि कडेला लागलेला बॉल कानाने ओळखता येतो. वरच्या पृष्ठावर छोटे कंगोरे आहेत. ते हवेसाठी असतात म्हणे, मला नेम धरायला उपयोगी पडतात.

पावसाळ्यात याची खरी परीक्षा झाली. पांडवकड्याच्या बाजूचे डोंगर धुक्यात, फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, ओला, बॉल पडतो तिथेच रुततो. घरंगळण्याचं अंतर शून्य. अशा दिवसांत हवेत गेलेले यार्डच फक्त तुमचे. 12 अंशांचा निर्णय तेव्हा कामी आला. 9 अंशांवर खेळणारे माझ्या ग्रुपमधले दोघे उन्हाळ्यात माझ्या पुढे असत, जुलैत मागे राहू लागले. फेस कोरडा ठेवणं मात्र आवश्यक आहे. पाण्याचा थर असला की फिरकी बिघडते. बॅगेला कायम एक सुती पंचा अडकवलेला असतो.

टीच्या उंचीबद्दल एका कॅडीने सांगितलेलं इथे नोंदवते. 'ताई, टी वर काढा. अर्धा बॉल डोक्याच्या वर दिसला पाहिजे.' मोठ्या डोक्याचा फेस उंच असतो. टी खाली ठेवली तर बॉल फेसच्या खालच्या भागात लागतो, फिरकी वाढते आणि अंतर जातं. बॉल डाव्या टाचेच्या रेषेत, टी उंच, आणि डोकं वर चढत असताना बॉल लागला पाहिजे. माझे खाली उमटणारे ठसे त्या दिवसापासून मध्याकडे सरकले. रेंजवरच्या चटईतली रबरी टी मात्र एकाच उंचीची असते आणि बऱ्याचदा बुटकी. शक्य असेल तिथे गवतावर लाकडी टी घेऊनच सराव करा.

अंतराच्या मागे किती लागावं? टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. तिथे ती ड्राइव्हच्या लांबीत मागच्या रांगेतली होती. लांब न मारताही तिने जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंशी टक्कर दिली. ते चार दिवस बघितल्यापासून ड्रायव्हरकडून मी पहिली अपेक्षा ठेवते ती बॉल खेळात राहण्याची.

सेकंडहँड घेणार असाल तर: गोल्फच्या सामानात नकली माल खूप आहे. मला आधी एकाने ऑनलाइन अर्ध्याहूनही कमी भावात 'अगदी नवा' देऊ केला होता. सीरियल नंबरचा फोटो मागितला तर माणूस गायब. पिंगच्या काठ्यांवर मानेपाशी सीरियल नंबर असतो, अधिकृत विक्रेत्याकडून तो पडताळून घेता येतो. फेसवर बारीक तडा आहे का ते नखाने बघा, डोकं कानाशी हलवून आत काही खुळखुळतंय का ऐका, शाफ्ट आणि डोकं जुळतं तिथे ढिलेपणा नको. ग्रिप गुळगुळीत झालेली असेल तर तेवढ्यावरून नाकारू नका. मी ती लगेच बदलून घेतली, थोडी जाड बसवली. दमट हवेत घामाने हात घसरतो, आणि घसरेल या भीतीने आवळून धरलं की स्विंग आखडतो.

ज्यांचा वेग शंभर मैलांच्या वर आहे, ज्यांना बॉल मुद्दाम वळवायचा असतो किंवा खाली ठेवून वाऱ्यात घुसवायचा असतो, त्यांनी हा घेऊ नये. त्यांना याचा सरळपणाच आड येईल. जी425 चंच एलएसटी, म्हणजे कमी फिरकीचं, डोकं त्यांच्यासाठी आहे. उलट स्लाइस फार मोठा असेल आणि कोच परवडत नसेल, तर याच मालिकेतला एसएफटी बघा. त्यात वजन कायमचं टाचेकडे आहे. मॅक्स या दोन्हींच्या मधला. मी तरी पुढची दोन-तीन वर्षं बदलणार नाही.