१९७५ चे दोन कोरस: क्वीन आणि टेन सीसी
दोन्ही गाणी १९७५ ची, दोन्ही इंग्लंडमधल्या बँडची, दोन्हीकडे तिघांच्याच गळ्यातून अख्खा कोरस उभा राहिलाय, पण ऐकताना जमीन-अस्मानाचा फरक.

क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ घ्या. गायक फ्रेडी मर्क्युरी (हो, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला), ब्रायन मे आणि रॉजर टेलर, तिघांनी ट्रॅकवर ट्रॅक चढवत, म्हणजे आपलेच आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून एकावर एक रचत, ऑपेराचा भाग गायलाय. ‘गॅलिलिओ’ येतं तेव्हा हेडफोन लावा, एक आवाज खाली, लगेच दुसरा एकदम वर, आणि तो वरचा टोकदार सूर ड्रमर टेलरचा! इथे आवाज पात्रं होतात, एकमेकांशी भांडतात.

टेन सीसीचं ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ अगदी उलट. तिघांनी एकेक सूर नुसता ‘आऽऽ’ असा १६-१६ वेळा गायला, म्हणजे एका सुराला ४८ आवाज, मग त्याच्या टेप लूप (न थांबता फिरत राहणाऱ्या टेप) बनवल्या आणि मिक्सरचे फेडर (आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके) वर-खाली करत कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवल्या, जणू पेटीच वाजवताहेत. या कोरसला शब्द नाहीत, श्वास घ्यायची जागा नाही, नुसतं धुकं पसरल्यासारखं वाटतं.

थक्क व्हायचं असेल तर क्वीन, पण रात्री दिवे मालवून ऐकायला मला टेन सीसीच लागतं.