सहा अँटेना, दोन स्टिकर आणि माझे साडेसहा हजार रुपये

तुमच्या घरी ओळखीतल्या कुणी बिलाशिवाय राऊटर आणून बसवला असेल, तर हे वाचून झाल्यावर तो एकदा उलटा करून बघा. खालचं स्टिकर नखानं चाचपून बघा. एकच थर लागतो की दोन?

आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. जुनं बांधकाम, भिंती दीड फुटी. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते, आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी सात ते साडेआठ ऑनलाइन. फायबर इंटरनेटची, वायफायही देणारी कंपनीची डबी पुढं सोप्यात, लोखंडी कपाटामागं, आणि शिकवायची खोली मागं, माजघराच्याही पलीकडं. गेल्या जूनपासून तास मध्येच तुटायला लागला. भूमितीची आकृती काढता काढता पडदा गोठायचा. परत जोडणी होईपर्यंत बारापैकी पाच मुलं निघून गेलेली असायची. बोर्डाचं वर्ष असलेली मुलं आहेत ती. त्यांच्या आईवडिलांचे मेसेज यायला लागले, तेव्हा मी लाईन जोडून गेलेल्या माणसालाच फोन केला. तीन वर्षं आमच्या गल्लीत येणारा, हाक मारली की धावणारा. म्हणूनच विश्वास होता.

त्यानं डबीकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, ही कंपनीची डबी म्हणजे नावालाच वायफाय. तुम्ही सहा अँटेनावाला घ्या, वायफाय सिक्स. परसदारापर्यंत रेंज येती बघा." किंमत सांगितली साडेसात हजार. मी जरा थबकले तर लगेच पुढचं वाक्य, "बिल नको असेल तर साडेसहाला देतो की. अठरा टक्के जीएसटी कशाला भरताय? वॉरंटीला मी आहे ना."

हे वाक्य तुमच्या कानावर पडलं की तिथंच थांबा. मी थांबले नाही. त्याच्या नंबरवर साडेसहा हजार यूपीआयनं पाठवले. एक बरं झालं, पैसे पाठवताना टिपेच्या जागी 'राऊटर' एवढा शब्द लिहिला होता. पुढं तोच उपयोगी पडला.

खोकं झकपक होतं. वर मोठ्या अक्षरांत एएक्स 3000. बसवून झाल्यावर त्यानं माझ्यासमोर स्पीड टेस्ट लावली, स्वतःच्या फोनवर. काटा 280 वर गेला. नवरा कामावर होता, त्याला दाखवायला मी त्या फोनचा फोटो काढून ठेवला. आमचा प्लॅन तेव्हा 100 एमबीपीएसचा होता (एमबीपीएस म्हणजे इंटरनेटच्या वेगाचं माप). शंभराच्या लाईनवर 280 कसे आले, हा प्रश्न गणिताच्या बाईला पडायला हवा होता. नाही पडला, कारण आकडा मोठा होता आणि मला तेच हवं होतं.

तास तरीही तुटतच राहिला. जुलैत तो म्हणाला, लाईनच कमी पडतीय, 300 चा प्लॅन घ्या. घेतला. महिन्याला चारशे रुपये जास्त. ऑगस्टमध्ये म्हणाला, प्लगात लावायचा बूस्टर घ्या, अठराशेला. तो घेतला नाही, एवढंच. असला स्वस्तातला बूस्टर एकाच लहरीवर घेतो आणि त्याच लहरीवर पुढं देतो, त्यामुळं वेग साधारण निम्म्यावर येतो. हे मला नंतर कळलं.

गणपतीला पुण्याहून भाचा आला. तो घरूनच काम करतो, त्यामुळं दुसऱ्याच दिवशी त्याची कुरकुर सुरू झाली. "आत्या, 300 चा प्लॅन आहे म्हणतेस आणि मला 94 च्या वर काही दिसत नाही. राऊटरला चिकटून बसलो तरी 94." त्यानं लॅपटॉपला केबल लावली, राऊटरच्या मागच्या भोकात घातली आणि सेटिंगमध्ये लिंकचा वेग उघडून दाखवला: 100/100. केबल खराब असेल म्हणून दुसरी लावली, कारण केबलीतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली तरी वेग शंभरावर येतो. तरी तेच. मग तीच केबल थेट कंपनीच्या डबीत घातली. 1000/1000.

म्हणजे लाईन चांगली, केबल चांगली. अडत होतं ते या नव्या राऊटरच्या पोर्टपाशी, म्हणजे केबल घालायच्या भोकापाशी. ही पोर्टं शंभरचीच होती. तुम्ही 300 चा प्लॅन घ्या नाहीतर 500 चा, शंभरच्या पोर्टातून चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या वर काही बाहेर येत नाही. वायफाय कितीही भारी असलं तरी पाणी येतंय ती नळीच बारीक. जुलैपासून मी दर महिन्याला 300 चे पैसे भरत होते आणि घरात 94 येत होते.

खोक्यावरच्या 3000 चा अर्थही तेव्हा समजला. एएक्स म्हणजे वायफाय 6, आणि 3000 म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांच्या वेगांची बेरीज: 2.4 गिगाहर्ट्झवर 574 आणि 5 गिगाहर्ट्झवर 2402, दोन्ही मिळवून 2976, ते फुगवून 3000. कुठल्याही एका फोनला हा वेग मिळत नाही, कारण फोन एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर असतो. पण निदान ती बेरीज तरी खरी असते. माझ्या हातात होता त्याची बेरीजच वेगळी होती. भाच्यानं राऊटरचं सेटिंगचं पान उघडलं. आतल्या मॉडेलचं नाव आणि खालच्या स्टिकरवरचं नाव जुळेना. राऊटरच्या मॅक पत्त्याचे, म्हणजे यंत्राच्या ठरलेल्या ओळख क्रमांकाचे, पहिले सहा आकडे-अक्षरं कुठल्या कंपनीला दिलेली आहेत हे इंटरनेटवर बघता येतं. ती निघाली तिसऱ्याच कंपनीची, खोक्यावर जिचं नावही नाही. भाच्याच्या फोनवर वायफायच्या चिन्हाशेजारी ते कितव्या पिढीचं आहे तो आकडा येतो. त्याच्या पुण्याच्या घरी तिथं 6 दिसतो, इथं दिसत नव्हता.

मग राऊटर उलटा केला. स्टिकरचा एक कोपरा किंचित उचललेला होता. तो नखानं धरून ओढला तर खाली दुसरं स्टिकर, पिवळटलेलं, अर्धवट खरवडलेलं. त्यावर एसी 1200. म्हणजे 300 अधिक 867, मागच्या पिढीचं वायफाय 5. आणि त्याच्याही कडेला बॉलपेननं घातलेला एक आकडा, 47. दुरुस्तीच्या दुकानात वस्तूवर घालतात तसला. कुणाच्या तरी घरातून उतरवलेला जुना राऊटर पुसूनपासून, वर नवं स्टिकर मारून माझ्याकडं आला होता. सहापैकी दोन अँटेनांचं बूड जरा हललं तर आत तारच नाही, नुसतं प्लास्टिक. त्या दोन अँटेनांकडं बघताना मला सगळ्यात जास्त राग आला. अँटेनांच्या संख्येवरून रेंज ठरत नाही हे आज मला माहीत आहे, पण विकणाऱ्याला आमचं अज्ञान आधीच माहीत होतं.

त्या रात्री मी जूनमधला फोटो मोठा करून बघितला. त्या लाईनवाल्याच्या फोनच्या वरच्या पट्टीत वायफायचं चिन्ह नव्हतंच. तिथं 5जी लिहिलं होतं आणि टेस्टच्या निकालाखाली मोबाईल कंपनीचं नाव. त्यानं मला माझ्या घरचा वेग दाखवलाच नव्हता. स्पीड टेस्ट कायम आपल्या फोनवर करा, मोबाईल डेटा बंद करून, आणि पैसे द्यायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. आधी म्हणाला, असं होऊच शकत नाही. स्टिकर दाखवल्यावर म्हणाला, "आम्हाला वरनंच असा माल येतोय ताई, माझा काय दोष?" बदलून देतो म्हणून दुसरं खोकं आणलं. त्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. मी म्हटलं, खोकं नको, पैसे दे आणि बिल नव्हतं हे लिहून दे. त्यानं पंधराशे-पंधराशे असे दोनदा पाठवले. उरलेले साडेतीन हजार राहिले आणि फोन उचलणं बंद झालं.

मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. बिल नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि विक्रीनंतर बिल न देणं हीसुद्धा. म्हणजे बिल नसणं हा त्याचा बचाव होऊ शकत नाही, तो त्याचा आणखी एक दोष आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयची नोंद, त्याचे मेसेज, दोन्ही स्टिकरचे फोटो, 5जी वाला फोटो, हे सगळं मी तारखेनिशी एका फाईलला लावलं आहे. बिल मात्र तुम्ही घ्याच. त्यावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्या आणि तोच नंबर खोक्यावर, राऊटरखाली आणि सेटिंगच्या पानावर आहे का ते माणूस दारात असतानाच बघा. दहा मिनिटं लागतात.

आमच्या घरचं खरं दुखणं वेगळंच होतं आणि ते साध्या उपायानं गेलं. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण जाड भिंतीपुढं लवकर दम टाकते. 2.4 ची भिंत ओलांडते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि आमच्या गल्लीत घराला घर चिकटलेलं. सोप्यात, लोखंडी कपाटामागं, कितीही महागाचा राऊटर ठेवला असता तरी दोन दीड फुटी भिंतींपलीकडं तास सुरळीत चालला नसता. भाच्यानं डबी कपाटामागून काढून उघड्यावर घेतली. तिथून वीस मीटर केबल माजघराच्या कडेनं मागं नेली आणि तिथं गिगाबिट (हजारच्या) पोर्टांचा एएक्स 1500 राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलीतून आलेलं इंटरनेट तिथं वायफायनं पसरवायला, लावला. बाजारातून, पक्क्या बिलावर, तीन हजाराच्या आसपास. आता शिकवायच्या खोलीत पावणेतीनशे येतात. राऊटर घ्यायच्या आधी भिंती मोजा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. तुमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला बहुधा नवं काही लागणारही नाही, डबीची जागा बदलून बघा.

गल्लीत विचारल्यावर आणखी दोन घरी तसलाच काळा, सहा अँटेनांचा राऊटर निघाला. एक घर पलीकडच्या आजी-आजोबांचं. त्यांचा मुलगा जर्मनीत असतो. रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि नातीचा चेहरा नीट दिसावा म्हणून आजोबांनी पेन्शनीतले पाच हजार दिले होते. चेहरा अजूनही तुकड्या-तुकड्यातच दिसतो. त्यांना वाटत होतं, जर्मनी लांब आहे म्हणून. मी राऊटर उलटा केला तेव्हा आजी म्हणाल्या, "जाऊ दे गं पोरी, आमच्यात येऊन जाऊन असतो तो, चहा घेतो." आजोबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं चष्मा लावून आले आणि म्हणाले, "बघू तरी."

त्यांच्या राऊटरचं स्टिकर आम्ही पूर्ण काढलं नाही. माझं ओढून काढलं तेव्हा वरचं फाटलं, ती चूक परत नको होती. हेअर ड्रायरनं जरासं गरम करून एक कोपरा अलगद उचलला. खाली पिवळं स्टिकर होतं आणि बॉलपेननं घातलेला आकडा, 52. फोटो काढला, कोपरा होता तसा परत दाबला आणि राऊटर वर्तमानपत्रात गुंडाळून आजोबांच्या कपाटात ठेवला. सोमवारी त्यांचीही तक्रार नोंदवायची आहे.