बीएस्सीला असताना कलारसास्वाद: सात महिन्यांनंतरचा अनुभव

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन. गाव गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, घरची धानाची शेती. नव्या शैक्षणिक धोरणामुळं आपल्या शाखेबाहेरचा एक पेपर घ्यावा लागतो, त्यात मी कलारसास्वाद निवडला, म्हणजे चित्रं-शिल्पं बघायला आणि समजून घ्यायला शिकवणारा विषय. कॉलेजात हा विषय शिकवायला माणूस नव्हता, म्हणून एका मोफत ऑनलाइन कोर्सची व्याख्यानं बघायला सांगितली. सेमिस्टर संपून तीन महिने झाले, तरी माझं बघणं थांबलेलं नाही. गावाकडची मुलं-मुली सारखी विचारतात की हा पेपर घ्यावा का, म्हणून सविस्तर लिहिते.

मार्कांचं आधी सांगून टाकते. मार्क पडतात. परीक्षा बहुपर्यायी असते आणि बहुतेक प्रश्न चित्रकाराचं नाव, साल, शैली एवढ्यावरच असतात. पंधरा दिवस नीट पाठ केलं की भागतं. मीही पहिले दोन महिने तेच केलं. वहीत चार रकाने आखले आणि भरत गेले. त्या वहीतल्या एकाही चित्राबद्दल कुणी दोन वाक्यं बोलायला सांगितली असती, तर मला बोलता आली नसती. माझी मुख्य तक्रार हीच आहे. एकट्यानं कानात हेडफोन घालून केला की हा विषय पाठांतर होऊन बसतो. चित्रासमोर सोबत कुणी बसलं की बोलावं लागतं, आणि बोलता बोलता दिसायला लागतं. मला हे उशिरा कळलं, आणि ते आईमुळं कळलं.

डिसेंबरातली गोष्ट. जाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं १८५७ सालचं चित्र अभ्यासाला होतं, ‘ग्लीनर्स’. माझ्या वहीत लिहिलं होतं: ‘कणसं वेचणाऱ्या स्त्रिया, वास्तववाद’. आई चुलीजवळून उठून आली, मोबाइलमध्ये डोकावली आणि म्हणाली, “हे तं सरवा वेचून राह्यल्या बाया.”

मी बघतच राहिले. कापणी झाल्यावर दुसऱ्याच्या बांधीत पडलेल्या लोंबा वेचायच्या, त्याला आमच्याकडं सरवा म्हणतात. लहानपणी मी स्वतः वेचलाय. तरीही महिनाभर ते चित्र बघून मला तो शब्द सुचला नव्हता, कारण मी चित्र बघतच नव्हते, त्याचं नाव बघत होते.

मग आम्ही दोघी बसलो. चित्रात पुढं तीन बाया आहेत. डावीकडची पूर्ण वाकलेली, तिचा एक हात पाठीवर आहे आणि त्या हातात वेचलेल्या काड्यांची मूठ. मी व्याख्यानात ऐकलेलं सांगितलं की हिच्या आणि मधलीच्या वाकलेल्या पाठींची रेष एकसारखी आहे, त्यामुळं एक लय तयार होते. आई म्हणाली, “लय असन. पन हात मागं काऊन हाये सांगू? समोर धरलं तं लोंबा जमिनीले घासते, दाने गळते.” मधली बाई वेचतेय. उजवीकडची अर्धवट उभी राहून हातातली जुडी नीट करतेय. आईनं तिच्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाली, हिची कंबर भरली आता.

मागं, खूप दूर, सोनेरी उजेडात कापलेल्या पिकाचे मोठमोठे पुंजणे आहेत, गाडी आहे, मजुरांची गर्दी आहे आणि उजव्या कोपऱ्यात घोड्यावर बसलेला एक माणूस. आईनं विचारलं, “थो मुकादम होय का?” होय, तो देखरेख करणाराच आहे. पीक सगळं मागं, उजेडही मागं, आणि या तिघी पुढं सावलीत, सांडलेल्या दाण्यांपाशी. पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, हे चित्र लागलं तेव्हा वरच्या वर्गातल्या टीकाकारांना ते खुपलं होतं. का खुपलं असेल, हे मला त्या संध्याकाळी कळलं. इतक्या गरीब बायांना कुणी चित्राच्या मधोमध, एवढं मोठं करून बसवत नसे.

त्यानंतर मी अभ्यासाची पद्धतच बदलली. कोर्समध्ये एडमंड फेल्डमन या कलाशिक्षकांची चार पायऱ्यांची रीत शिकवतात: आधी वर्णन, मग विश्लेषण, मग अर्थ, आणि सगळ्यात शेवटी मत. व्याख्यानात ती पाच मिनिटांत उरकली होती. माझ्या मते सगळ्या कोर्समधली सर्वांत कामाची गोष्ट तीच. विज्ञानाच्या मुलांना तर ती जवळची वाटेल. प्रॅक्टिकलला आपण खोडाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, आधी आकृती काढतो, मग कारणांसहित ओळख लिहितो. ओळख आधी लिहून आकृती पुस्तकातून उतरवली की मॅडम लगेच पकडतात. चित्राचंही तसंच आहे. पहिली दहा मिनिटं फक्त दिसतं ते बोलायचं, ‘सुंदर’, ‘छान’, ‘मस्त’ हे शब्द बंद. आम्ही हे घरात खरंच पाळतो. सुरुवातीला तिसऱ्या मिनिटाला बोलणं संपायचं, आता दहा मिनिटं कमी पडतात.

मोबाइलवर शिकण्यात मोठी अडचण आकाराची आहे. स्क्रीनवर सगळी चित्रं सारखीच दिसतात. त्यावर मी एक उपाय केला, तो करून बघाच. चित्राची खरी मापं काढायची आणि भिंतीवर खडूनं तेवढी चौकट आखायची. मिलेचं चित्र साधारण ८३ बाय ११० सेंटीमीटर, म्हणजे आमच्या खिडकीपेक्षा थोडं मोठं. मोनालिसा ७७ बाय ५३. ती एवढी लहान असेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. मग पिकासोचं १९३७ सालचं ‘ग्वेर्निका’ घेतलं. उंची ३४९, रुंदी ७७७ सेंटीमीटर. भिंत पुरेना. शेवटी खळ्यावर गेलो, भावानं दोरीचं एक टोक धरलं आणि आम्ही चुन्यानं चौकट आखली. तिच्या एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचं बघायला मान वळवावी लागते. बॉम्ब पडलेल्या गावाचं ते चित्र आहे. किंचाळणारी बाई, घोडा, मेलेलं मूल हे सगळं आपल्याहून मोठं होऊन समोर उभं राहतं, हे मला चुन्याच्या रिकाम्या चौकटीत उभं राहून समजलं.

काही गोष्टींवर मात्र मोबाइलचा इलाज नाही. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, म्हणून मी फार उत्साहानं त्यांची चित्रं उघडली. रंगाचे थर, त्यात विरघळलेले आकार, आणि स्क्रीनवर दिसलं ते एक पिवळं आयत. त्यांच्याबद्दल मी अजून काहीही मत बनवलेलं नाही. प्रत्यक्ष बघेन तेव्हा बोलेन. चित्रकार सय्यद हैदर रझा त्या मानानं मोबाइलवरही पोचतात, कारण त्यांच्या चित्रातला गोल बिंदू ठाम आहे. तेही नागपूरच्या चित्रशाळेत शिकले होते, हे वाचून बरं वाटलं.

अजिंठ्याबद्दल एक सल आहे. व्याख्यानात अजिंठा गुप्तकाळाच्या धड्यात उरकला. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, आणि वाकाटकांच्या त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. विदर्भातल्या मुलांना ही चित्रं शिकवताना एवढं तरी सांगायला हवं होतं. मला ते नंतर वाचताना सापडलं. मराठीतून वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश नेटवर फुकट आहे. इंग्रजी व्याख्यान ऐकण्याआधी त्यातली नोंद वाचून घेतली की निम्मं ओझं उतरतं.

आणि आता मार्कंडा, जुन्या दगडी देवळांचं गाव. वैनगंगेच्या काठी, आमच्याच तालुक्यात. दर महाशिवरात्रीला जत्रेत गेलेय, पाळण्यात बसलेय, दर्शन घेऊन परत आलेय. भिंतीकडं कधी बघितलं नव्हतं. जानेवारीत आतेबहिणीला घेऊन मुद्दाम गेले. ती शिवणकाम करते. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवर माणसांच्या मूर्तींच्या एकावर एक रांगा आहेत. आम्ही एकच स्त्रीमूर्ती निवडली आणि दहा मिनिटांचा नियम लावला. सगळा भार एका पायावर, दुसरा गुडघा सैल, त्यामुळं कंबर एकीकडं आणि खांदे दुसरीकडं. एवढं मी बोलले. बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हिच्या लुगड्याचं कापड कुठंच कोरलेलं नाही. फक्त काठाची रेष आहे. ती रेष पुसली तर पाय उघडा.” मी जवळ जाऊन बघितलं. खरंच, एका बारीक रेषेवर ते सगळं वस्त्र उभं होतं. व्याख्यानात रेषेवर पाऊण तास ऐकलं होतं, पण रेष काय करू शकते ते मला तिथं दिसलं.

जाताना एक माहिती सोबत ठेवा. आपल्याकडं प्रत्येक जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. मार्कंड्याची मंदिरं त्याच्याही आधीची मानली जातात.

विषय घेणार असाल तर व्याख्यानं डाउनलोड करून ठेवा, नेटवर्कचा भरवसा नाही. चित्र मोठं करून बघायला गुगल आर्ट्स अँड कल्चर चांगलं आहे, पण डेटा खातं. नागपूरला काही कामानं गेलात तर अजब बंगल्यातलं शिल्पांचं दालन चुकवू नका. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे, आणि तिथं मूर्ती डोळ्यांच्या उंचीवर बघता येतात. मार्कंड्याला जत्रेच्या दिवसांत जाऊ नका, भिंतीजवळ उभंच राहता येत नाही. सकाळी नऊच्या आत पोचा. ऊन तिरपं असतं तोवर प्रत्येक दागिन्याची सावली वेगळी पडते. साडेबाराला परत त्याच मूर्तीपाशी आलो तेव्हा भुवयांची सावली डोळ्यांवर उतरली होती आणि चेहरा ओळखू येत नव्हता. पाण्याची बाटली न्या, आणि कुणाला तरी सोबत न्या. पुढच्या खेपेला मी आईला नेणार आहे.