हॅमिल्टन 992बी: दुरुस्ती शिकणाऱ्याने पहिलं घ्यावं असं पॉकेट वॉच

जुनी पॉकेट वॉचेस जमवणाऱ्यांमध्ये हॅमिल्टन 992बीला जरा कमी लेखलं जातं. ‘खूप बनली, सहज मिळतात’ असं म्हणून लोक पुढे सरकतात. मला हे अजिबात पटत नाही. ज्याला घड्याळ नुसतं कपाटात मांडायचं नाही, स्वतः उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा चालतं करायचं आहे, त्याने पहिलं चांगलं घड्याळ हेच घ्यावं. माझ्या टेबलावरून या मॉडेलची बरीच घड्याळं गेली आहेत. त्यातलं एक मी रोज वापरते.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या हॅमिल्टन कंपनीने हे 1940 मध्ये काढलं, ते आधीच्या प्रसिद्ध 992ची सुधारलेली आवृत्ती म्हणून. 16 साइझ, म्हणजे मशीनचा व्यास साधारण 43 मिमी. 21 ज्वेल (घर्षण कमी करणारे माणकाचे बारीक खडे), तासाला 18,000 ठोके. गिऱ्हाईक मुख्यतः रेल्वेचं. एप्रिल 1891 मध्ये ओहायोतल्या किप्टनजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका इंजिनचालकाचं घड्याळ मध्येच चार मिनिटं थांबून पुन्हा सुरू झालं होतं, असं त्याबद्दल सांगतात. त्यानंतर वेब बॉल या क्लीव्हलँडच्या जवाहिऱ्याकडे घड्याळांच्या तपासणीचं काम आलं आणि पुढे रेल्वेच्या घड्याळांचे नियम घट्ट होत गेले: उघडी (वर झाकण नसलेली) तबकडी, ठळक आकडे, किमान 17 ज्वेल, पाच स्थितींत (सपाट, उभं असं वेगवेगळं धरून) जुळवणी, आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. 992बी सहा स्थितींत जुळवलेलं आहे आणि तसं ते मशीनवर कोरलेलंही आहे.

या नियमांचा एक परिणाम हातात घेतल्या घेतल्या कळतो. क्राउन (किल्ली देण्याची गुंडी) ओढून वेळ लावायला गेलात तर काटे हलत नाहीत. पुढची बेझल, म्हणजे काचेची कडी, फिरवून काढायची, तबकडीच्या कडेला एकच्या आकड्याजवळ लपलेली बारीक पट्टी नखाने बाहेर ओढायची, मग क्राउन फिरवून काटे लावायचे आणि पट्टी आत ढकलायची. किल्ली देताना चुकून वेळ बदलू नये म्हणून ही सोय. पट्टी नखाला दाद देत नसेल तर पक्कड लावू नका. बहुतेक वेळा आत वाळलेलं तेल असतं. ते साफ केलं की पट्टी सुटते.

मागचं झाकण उघडलं की निकेलच्या प्लेटवर डॅमस्कीनिंगचे, म्हणजे सजावटीच्या नक्षीचे, पट्टे दिसतात. प्रकाश तिरपा पडला की ते हलल्यासारखे वाटतात. हे काम देखणं आहे, पण 992बीचं खरं मोठेपण बॅलन्स व्हीलमध्ये, म्हणजे मागेपुढे हेलकावत वेळ मोजणाऱ्या चाकात आहे. आधीच्या घड्याळांत बॅलन्सची कड पितळ आणि पोलाद जोडून बनवलेली आणि दोन ठिकाणी कापलेली असायची. उष्णतेने पोलादी हेअरस्प्रिंग (बॅलन्सला मागेपुढे हेलकावणारी बारीक स्प्रिंग) सैलावते आणि घड्याळ मागे पडतं. तेवढ्यात कापलेली कड आत वळते आणि ती उणीव भरून काढते. कल्पना फार हुशार, पण शिकणाऱ्याच्या हातात धोक्याची. अशी कड चिमट्याच्या चुकीच्या दाबाने वाकते, आणि वाकलेली कड पुन्हा गोल करणं हे अनुभवी घड्याळजीचं काम.

992बीत ही भानगडच नाही. त्याची हेअरस्प्रिंग एलिनवार एक्स्ट्रा नावाच्या मिश्रधातूची आहे. एलिनवार हा लोखंड, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू शार्ल एद्वार गिय्योम यांनी शोधला. निकेल-पोलादांवरच्या कामासाठी त्यांना 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. याची लवचीकता तापमानाने जवळपास बदलत नाही, त्यामुळे कापलेल्या कडेची गरजच उरली नाही. बॅलन्स एकाच धातूचा, अखंड. तो काढताना, धुताना, परत बसवताना हाताला जी निर्धास्ती मिळते, ती जुन्या 992वर काम केलेल्या माणसालाच कळेल.

मांडणीही शिकायला सोयीची आहे. 18 साइझच्या जुन्या फुल प्लेट (वरची प्लेट एकच, पूर्ण गोल असलेल्या) घड्याळांत बॅलन्स वरच्या प्लेटच्याही वर बसतो, आणि सगळी चाकं अधिक पॅलेट फोर्क (चाकांचा जोर ठोक्याठोक्याने बॅलन्सला देणारा भाग), सगळ्यांचे पिव्होट (आसांची बारीक टोकं) एका दमात जुळवून ती प्लेट बसवावी लागते. इथे बॅलन्स आणि पॅलेट फोर्क दोघांचे ब्रिज, म्हणजे वरून धरणारे आधार, वेगळे. आधी चाकं बसवा, बोटाने हळूच फिरवून मोकळी आहेत का बघा, मगच पुढे जा. प्लेट ठेवल्यावर स्क्रू लगेच आवळायचे नाहीत. बारीक काडीने एकेक पिव्होट ज्वेलकडे सरकवायचा. शेवटचा आत गेला की प्लेट आपोआप खाली बसते आणि बसल्याचं बोटाला समजतं. त्याआधी स्क्रूने दाबलं तर पिव्होट तुटणारच. आणि उघडण्याआधी मेनस्प्रिंगचा, म्हणजे किल्ली देऊन आवळलेल्या मुख्य स्प्रिंगचा, ताण उतरवणं कधीही चुकवू नका: क्राउन घट्ट धरा, क्लिक (स्प्रिंग उलगडू न देणारा खटका) बाजूला करा, आणि क्राउनला बोटांच्या चिमटीतून सावकाश मागे फिरू द्या.

तेल मी मोबियस कंपनीचं वापरते. वेगाने फिरणाऱ्या बारीक पिव्होटना 9010, जड आणि सावकाश भागांना एचपी 1300, पॅलेट फोर्कवरच्या दगडांना 9415. ज्वेलच्या वाटीत थेंबाचं गोल कडं दिसलं की बस्स. वाटी भरली तर तेल प्लेटवर पसरतं आणि पिव्होट कोरडा राहतो. पॅलेट फोर्कच्या पिव्होटना तेल घालायचं नाही. नीट झालेल्या सर्व्हिसिंगनंतर टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) सपाट ठेवलेल्या घड्याळाचा अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, 270 अंशांच्या आसपास दिसावा. माझं रोजचं घड्याळ खिशात राहूनही दिवसाला दोन-तीन सेकंदांत आहे, आणि तो फरकही रेग्युलेटरच्या (चाल कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) सूक्ष्म स्क्रूने आणखी कमी करता येतो.

आता तक्रारी. बॅलन्सला धक्क्यापासून कसलंही संरक्षण नाही. घड्याळ हातातून फरशीवर पडलं तर बॅलन्स स्टाफचं, म्हणजे बॅलन्सच्या आसाचं, टोक मोडलंच म्हणून समजा, आणि स्टाफ बदलणं हे नवशिक्याचं काम नाही. म्हणून टेबलावर मऊ पॅड आणि मांडीवर एप्रन हवाच. दुसरं म्हणजे, हेअरस्प्रिंगचं वरचं वळण आधीच्या कुणी छेडलेलं असेल तर सगळा आनंद संपतो. माझ्याकडे आलेल्या एका घड्याळात कुणीतरी ते वळण चिमट्याने दाबून चपटं केलं होतं, आणि घड्याळ उभं धरताच मागे पडायचं. खरेदी करताना बॅलन्स चालू असतानाचा जवळून काढलेला व्हिडिओ मागा. स्प्रिंगचे वेढे सगळ्या बाजूंनी सारखे उघडझाप करत असले पाहिजेत.

केस, म्हणजे मशीनभोवतीचं बाहेरचं कवच, तीही नीट बघा. मशीन धरणाऱ्या दोन स्क्रूंच्या डोक्यांचे ठसे केसच्या आतल्या कडेवर उमटतात. एकाच जोडीचे ठसे असतील तर मन निर्धास्त. दोन वेगवेगळ्या जागी असतील तर त्या केसमध्ये आधी दुसरं मशीन राहत होतं. चालण्यात याने काही बिघडत नाही, पण संग्राहकाने ते अस्सल जोडीच्या भावात घेऊ नये. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेले बारीक आकडे आणि खुणा दिसल्या तर त्या पॉलिश करून घालवू नका. त्या जुन्या घड्याळजींच्या दुरुस्तीच्या नोंदी आहेत, आणि त्या घड्याळाचा तेवढाच लेखी इतिहास शिल्लक असतो. पॉलिशच्या बाबतीत मी एकूणच कडक आहे: झिजलेलं कोरीवकाम परत येत नाही.

तबकडी एनॅमलची असेल तर केसाएवढ्या बारीक भेगा जवळपास ठरलेल्या. तबकडी मशीनवरून सोडवून, कवळी धुण्याच्या गोळीच्या पाण्यात ठेवली की भेगांतला काळा मळ निघतो आणि त्या लांबून दिसेनाशा होतात. भेगा जातात असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रंगवलेल्या किंवा धातूच्या तबकडीवर हा प्रयोग करायचा नाही, छपाई उतरते. मला स्वतःला मॉन्टगोमरी तबकडी आवडते. त्यात 1 ते 60 प्रत्येक मिनिटाचा आकडा छापलेला असतो. काहींना ती गिचमिड वाटते. डोळ्याला एकदा सवय झाली की मिनिट वाचायला क्षणही लागत नाही.

दुर्मीळपणासाठी जमवणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. त्यांना हॅमिल्टनचंच 23 ज्वेलचं 950बी किंवा युद्धकाळातलं 24 तासांच्या तबकडीचं, मधोमध सेकंदकाटा असलेलं 4992बी जास्त समाधान देईल. 992बी घेणाऱ्याने सीरियल नंबर आधी वाचावा: या मॉडेलचा नंबर सी या अक्षराने सुरू होतो. विकणारा मशीनचा फोटो द्यायला तयार नसेल, नुसता तबकडीचाच दाखवत असेल, तर दुसरं शोधा. मिळतात.